बार्शीटाकळीचा लॉट

ती बाई मुद्दाम मशीन बंद पाडते, हे मी तिला भेटायच्या आधीच जवळजवळ ठरवून टाकलं होतं. भेटल्यावर फक्त पुरावा शोधायचा राहिला होता.

मी अमरावतीत एका लहानशा कंपनीत काम करते. आम्ही डाळमिलसाठी प्रोग्राम लिहितो. मिलमध्ये आता कलर सॉर्टर नावाचं यंत्र असतं. भरडलेली तूरडाळ त्यात वरून घसरत येते, कॅमेरा तिचे फोटो घेत राहतो, आणि काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. यंत्र दुसऱ्यांचं, कोणता दाणा काळा आणि कोणता चालण्याजोगा हे ठरवणारा प्रोग्राम आमचा. त्यातला फोटो तपासणारा भाग मी लिहिला आहे आणि त्याचा मला तेव्हा चांगलाच गर्व होता.

अकोल्याच्या एका मिलमध्ये आमचा प्रोग्राम दोन वर्षं जवळजवळ बिनतक्रार चालला होता. तक्रार एकच होती. दर पंधरा मिनिटांनी यंत्र आपल्या दिव्यांचा उजेड तपासून घेतं. त्यासाठी फोटोतल्या सगळ्या ठिपक्यांच्या, म्हणजे पिक्सेलांच्या, उजेडाची बेरीज करावी लागते, आणि तेवढा वेळ डाळ थांबवावी लागायची. मिलमालकाला ते थांबणं खुपत होतं. म्हणून तुरीच्या हंगामाआधी मी ती बेरीज नव्याने लिहिली. आधी प्रोग्राम एकेक ठिपका उचलून मिळवायचा. आताच्या प्रोसेसरमध्ये एका हुकुमात सोळा ठिपके उचलणाऱ्या सूचना असतात, त्यांना व्हेक्टर सूचना म्हणतात. त्या वापरल्यावर डाळ थांबायची गरजच उरली नाही. सरांनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांनी, त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कचोरी आणली.

नवा प्रोग्राम बसवून आठवडा झाला नसेल, मिलमालकाचा फोन आला.

"मॅडम, आपला प्रोग्राम बैठ गया. स्क्रीन काळी झाली, एक लाइन लिहून आली आणि परत आपोआप चालू झाला."

त्यांनी पाठवलेल्या फोटोत ती एक ओळ होती, 'सेगमेंटेशन फॉल्ट'. याचा अर्थ एवढाच, की प्रोग्रामने मेमरीत जिथे हात घालायचा नाही तिथे, किंवा जसा घालायचा नाही तसा, हात घातला आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला बाहेर काढलं. कुठे आणि का, ते ती ओळ सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दोनदा. मग एक दिवस काहीच नाही. मग एका सकाळीच तीनदा. प्रोग्राम पडला की स्वतःच उठायचा, उरलेल्या मालाला स्वतःच 'RESTART-01' असं नाव द्यायचा आणि पुढे नीट चालायचा. पण मधली दोन मिनिटं डाळ न निवडता पुढे जायची, आणि मिलमालक फोनवर तेच दोन मिनिटांचं गाऱ्हाणं अर्धा तास ऐकवायचे.

मी मिलमधून फोटोंचा साठा मागवला आणि आमच्या ऑफिसात तोच प्रोग्राम तीन दिवस सलग चालवला. एकदाही पडला नाही.

सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "प्रोग्राम तोच, फोटो तेच, कॉम्प्युटरही तसाच. इथं चालतं, तिथं पडतं. मग वेगळं काय आहे?"

मी म्हटलं, "वीज?"

"त्यांच्याकडे मोठा यूपीएस आहे. वेगळी आहेत ती माणसं."

हे त्यांनी सहज म्हटलं. त्याच संध्याकाळी मिलमालकाने फोनवर भर घातली. मशीनवर जी बाई बसते ती पूर्वी हाताने डाळ निवडणाऱ्या बायांची मुकादम होती. मशीन आलं तेव्हा बारा बाया घरी बसल्या. हिला डाळीची पारख चांगली म्हणून ठेवून घेतलं. "लेकिन उसको अच्छा नहीं लगा था," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही. आप समझदार आहात."

मी समझदार होतेच. दोन आकड्यांची बेरीज करावी तशी ती गोष्ट माझ्या डोक्यात जुळून बसली.

एसटीने अकोल्याला गेले, स्टँडवरून ऑटो करून मिलमध्ये. आत पिवळसर धूळ सगळीकडे, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. मशीनशेजारी काचेची खोली, आत कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर साडीवर पुरुषी शर्ट घातलेली पन्नाशीची बाई. तळहातावर मूठभर डाळ पसरून ती खिडकीच्या उजेडात पाहत होती. मला बघून तिने डाळ परत टोपलीत टाकली आणि हात शर्टाला पुसला.

"तुमीच केला का जी हा परोग्राम?"

"हो."

"मंग बरं झालं आल्या. एक गोष्ट सांगू का? याले काही नावं सोसत नाई."

"कुणाला?"

"मशीनले. बार्शीटाकयीचा लॉट लावला का बसते. पातूरचा लावला त चालते."

मिलमध्ये ज्या गावाचा माल, त्या गावाचं नाव लॉटला द्यायची पद्धत होती. बाई ती नावं मराठीतून टाइप करायची, एका बोटाने पण न चुकता. मी तिला समजावलं, "काकू, मशीनला नाव कळत नाही. त्याच्यासाठी ते नुसते आकडे असतात."

"असन," ती म्हणाली. "पण बसते."

मी सोबत प्रोग्रामची तपासणीची प्रत नेली होती. ती हळू चालते, पण प्रत्येक पाऊल फाईलमध्ये लिहीत जाते. ती लावली आणि दिवसभर त्या खोलीत बसले. माल आला तसे लॉट लागले. पातूर, मूर्तिजापूर, अकोट आणि दुपारी बार्शीटाकळी. प्रोग्राम एकदाही पडला नाही. बाई दर थोड्या वेळाने पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहायची.

"आज कसं काय नाई बसलं?" ती पाच वाजता म्हणाली. तिच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं, पण मला ते उत्तम नाटक वाटलं. बाहेरचं माणूस बसून आहे म्हटल्यावर चोर कशाला चोरी करेल? परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं.

खरं म्हणजे इथेच मला वेगळी शंका यायला हवी होती. तपासणीची प्रत आणि खरी प्रत एकाच मजकुरातून बनतात, पण बनतात वेगळ्या. मी लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. तपासणीच्या प्रतीत तो शब्दाला शब्द उतरवतो. खऱ्या प्रतीत तो वेगासाठी हवी तशी उलथापालथ करतो आणि सोळा ठिपके उचलणाऱ्या सूचना तिथेच वापरतो. एखादा दोष खऱ्या प्रतीत दिसतो आणि तपासायला गेलं की लपतो, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवलेलं आहे. पण त्या वेळी मला दोष नको होता, माणूस हवा होता.

सरांना विचारून मी पुढच्या सुधारणेबरोबर एक छोटा तुकडा मिलच्या कॉम्प्युटरवर पाठवला. कीबोर्डवर कोणतं बटण कधी दाबलं हे तो लिहून ठेवायचा आणि रोज आमच्याकडे पाठवायचा. बाईला सांगितलं नाही. मिलमालकालाही सांगितलं नाही. सर म्हणाले, "पुरावा हाती आल्यावर सांगू."

रोज सकाळी चहा घेता घेता मी ती फाईल वाचू लागले. दुसऱ्याच्या बोटांचा हिशेब वाचण्यात एक वाईट चव असते, आणि ती लवकर लागते. बाई किती वाजता आली, किती वेळ नुसती बसली, कुठे चुकली, काय खोडलं, सगळं मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दिसलं की तिने 'बार्शीटाकळी' टाइप केलं, खोडलं, नुसतं 'टाकळी' टाइप केलं, खोडलं, पुन्हा 'बार्शीटाकळी' केलं. आठ मिनिटांनी प्रोग्राम पडला. मी तिथे लाल खूण केली.

मग जेवणाच्या सुट्टीतलं एक लिखाण सापडलं. लॉटच्या रकान्यातलं ते नव्हतं, नोंदींची वेगळी खिडकी उघडून लिहिलेलं होतं. 'साहेब, मशीन आल्यावर बारा बाया घरी बसल्या. त्यातल्या दोघी एकट्या आहेत. त्यायले पॅकिंगमध्ये तरी घ्या.' आणि त्यानंतर खोडण्याचं बटण, शेवटच्या अक्षरापासून पहिल्या अक्षरापर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच, थोडं बदलून. तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलेलं आणि पूर्ण पुसलेलं.

मी ते वाचून हळहळले असं लिहायला मला आवडलं असतं. मी ते छापून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हे कारण."

शुक्रवारी तर कहर झाला. यंत्राच्या नोंदीनुसार दुपारी माल नव्हता, ज्यात वरून डाळ ओततात तो हॉपर रिकामा होता. तरी बाईने मूर्तिजापूरचा लॉट सुरू केला. बारा मिनिटांनी प्रोग्राम पडला. तो उठल्यावर तिने पुन्हा तोच लॉट सुरू केला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पुन्हा. रिकाम्या मशीनवर, तीनदा, मुद्दाम. सरांनी लगेच मिलमालकाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, पत्रासकट.

शनिवारी मला बोलावणं आलं. मिलमालकाच्या केबिनमध्ये एसी होता आणि भिंतीवर आधीच्या पिढीतल्या दोघांचे हार घातलेले फोटो. बाई दाराशी उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नाही. मीही नाही.

मी विचारलं, "काल दुपारी मशीन रिकामं होतं. माल नव्हता तर तुम्ही तीनदा लॉट कशाला सुरू केला?"

तिने मालकाकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कोणं सांगतलं?"

"रेकॉर्ड आहे."

"पाहून राहिली होती मी. माल खराब म्हनून बसते का नावानं बसते. म्हनून बिना मालाचं पायलं. तरी बसलं. मंग नावच होय."

मालक हसले. "नाम से मशीन बंद होती है? उद्या म्हणशील नजर लागली." मीही हसले. अगदी मोकळं हसू नव्हतं, पण हसले. मग मालकाचा आवाज चढला. "आणि बोलायचं असेल तर समोर बोल ना. लिख के मिटाना क्यों?"

बाईला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. ती काय समजली ते मला तिच्या हातांवरून दिसलं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. मालकाने तिला त्याच दिवशी मशीनवरून काढून पोती शिवायला पाठवलं.

तिच्या जागी मालकाचा पुतण्या बसला. चार दिवस मशीन एकदाही बंद पडलं नाही. बार्शीटाकळीचा माल आला, मूर्तिजापूरचा आला, दर्यापूरचा आला, सगळा सुरळीत निघाला. मालकाने फोन करून माझं अभिनंदन केलं. सर म्हणाले, "बघ. मी काय म्हटलं होतं?"

पाचव्या दिवशी प्रोग्राम पडला. लॉट अकोटचा होता. पुतण्या खुर्चीवर, बाई दूर पॅकिंगमध्ये, कीबोर्डजवळ दुसरं कुणी नाही.

मिलमालकाला लगेच नवा संशय आला, की ही बाई रात्रपाळीच्या कुणाला तरी धरून काही करते. सर म्हणाले, शक्य आहे. मी मात्र त्या दिवशी लवकर घरी आले.

बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. ते सरकारी कार्यालयात कारकून होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, बाबा घरातले पहिले मॅट्रिक. मी चहा करून आणला आणि त्यांना सगळी गोष्ट सांगितली. मी तिच्यावर कशी पाळत ठेवली हेही सांगितलं, आणि सांगताना मला वाटत होतं की मी माझी हुशारी सांगते आहे.

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "थे बाई काय म्हनते?"

"काही नाही. नावामुळे बंद पडतं म्हणते."

"मंग तू नाव पायलं का?"

"बाबा, नावाचा काही संबंध नसतो त्यात."

"तसं नाई इचारलं म्या. पायलं का?"

मी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. ते म्हणाले, "आमच्या हापिसातला गोल शिक्का हरपला होता एकदा. तुले माहीत नाई, तू लहान होती. सतरा टेबलं होते. पयला ड्रावर माहा उघडला. शिक्का सायबाच्या बॅगीत निंगाला. कोणी काही बोललं नाई मंग. मीबी नाई बोललो." एवढं सांगून त्यांनी चहा प्यायला घेतला. मला टोमणा मारावा असा त्यांचा सूर नव्हता. त्यामुळे तो जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. प्रोग्रामची खरी प्रत उघडली, मिलचे फोटो लावले, आणि लॉटच्या रकान्यात पुतण्याने टाकलं होतं तसं इंग्रजीत AKOT असं लिहिलं. आम्ही ऑफिसात कायम TEST-LOT-1 असंच काहीतरी लिहायचो. दोन वर्षांत कुणी दुसरं नाव टाकून पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांनी दिव्यांच्या तपासणीची वेळ आली आणि माझ्या डोळ्यांसमोर प्रोग्राम पडला.

मी तेच नाव मराठीत लिहिलं, 'अकोट'. चाललं. 'पातूर', चाललं. 'बार्शीटाकळी', पडलं. नुसतं 'टाकळी', चाललं. 'मूर्तिजापूर', पडलं. इंग्रजीत MURTIZAPUR, चाललं. म्हणजे पुतण्याचे चार दिवस का सुरळीत गेले तेही कळलं. तो नावं इंग्रजीत टाकत होता. मी उठून पाणी प्यायले. मग प्रोग्राम जिथे पडतो तिथेच त्याला धरून ठेवलं आणि तो कोणत्या पत्त्यावरून ठिपके उचलतो आहे ते पाहिलं.

पत्त्याचा शेवटचा आकडा आठ होता. तिथे शून्य हवं होतं.

झालं होतं ते असं. मेमरीत प्रत्येक जागेला पत्ता असतो, घरांना नंबर असावेत तसा. प्रोग्राम एकाच सलग पट्टीत आधी लॉटची माहिती ठेवतो, मग लॉटचं नाव, आणि लगेच त्यानंतर फोटो. नावासाठी जागा आठ-आठच्या तुकड्यांनी घेतली जाते. लहान नावाला एक तुकडा, मोठ्याला दोन, तीन, पाच. त्यामुळे फोटो नेमका कुठे सुरू होणार हे नावाच्या लांबीवर ठरतं. जुना प्रोग्राम एकेक ठिपका उचलायचा, त्याला फोटो कुठेही सुरू झाला तरी चालत होतं. पण सोळा ठिपके एकदम उचलणारी जी वेगवान सूचना मी वापरली होती, तिची अट असते की सुरुवातीच्या पत्त्याला सोळाने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर ती थांबत नाही, चुकत नाही, सरळ प्रोग्राम पाडते. नावाचे तुकडे सम असले की भाग जायचा. विषम असले की आठ उरायचे.

आणि मराठी अक्षर मेमरीत इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेतं. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाची जागा वेगळी. म्हणून 'अकोट'ला दोन तुकडे लागून ते चालायचं आणि AKOT एकाच तुकड्यात बसून पडायचं.

सगळ्यात वाईट पुढे होतं. पत्त्याला सोळाने भाग जाईल की नाही हे कंपायलरला आपणहून कळत नाही. त्याला तसं वचन द्यावं लागतं. माझ्या मजकुरात ती एक ओळ होती. हा पत्ता नेहमी सोळाने भागला जाईल, असं मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं. कधी तपासलं नव्हतं. कंपायलरने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

दुरुस्ती म्हणजे एक आकडा. नावासाठीचे तुकडे आठऐवजी सोळाचे केले. मग मराठी, इंग्रजी, लांब, आखूड, मिळून सगळी नावं दिवसभर टाकून पाहिली. एकदाही पडलं नाही. सर आले तेव्हा मी त्यांना ती ओळ दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मालकाला सांगू, की अपडेटमध्ये ठीक केलं. डिटेल कशाला?"

मी म्हटलं, "मी जाऊन सांगते."

"काय सांगशील?"

"माझी चूक होती हे."

त्यांना ते आवडलं नाही. कंपनीचं नाव जाईल म्हणाले. पण त्यांनी मला अडवलंही नाही.

मिलमालकाने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात पसरले. "चलो, चालू झालं ना? मग विषय संपला."

मी म्हटलं, "त्या काकू बरोबर होत्या. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांना परत मशीनवर बसवा."

"देखेंगे," ते म्हणाले. पुतण्याला त्यांच्या दुकानात बसायला जायचंच होतं, म्हणून असेल, पण त्याच आठवड्यात त्यांनी तिला परत बसवलं. तिची माफी मात्र त्यांनी मागितली नाही. त्यांना माफी मागण्यासारखं काही घडल्याचं वाटतही नव्हतं.

मालकाशी बोलले त्याच दिवशी मी पॅकिंगमध्ये गेले. ती पोत्याचं तोंड मशीनने शिवत होती. मी शेजारी उभी राहिले. तिने हातातलं पोतं पूर्ण शिवलं, दोरा तोडला, मग मान वर केली.

"काकू, नावामुळेच पडत होतं. चूक माझी होती."

"मी सांगतलं होतं."

"हो."

"तुमी हासल्या."

"हो."

तिने पुढचं पोतं ओढलं, पण शिवायला घेतलं नाही. "थे लिहलेलं कुठं हाये?"

"कोणतं?" मी विचारलं, आणि विचारताच मला माझी लाज वाटली, कारण कोणतं ते मला माहीत होतं.

"मी पुसलेलं."

मी तिला काचेच्या खोलीत नेलं. पुतण्या बाहेर गेला होता. तिच्यासमोर तो पाळतीचा तुकडा कॉम्प्युटरवरून काढला. मग माझा लॅपटॉप उघडून सगळ्या फाईली दाखवल्या आणि पुसल्या. ती खुर्चीवर न बसता माझ्या खांद्यामागून पाहत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"अजून कोठी हाये?"

नाही म्हणणं सोपं होतं. "सरांकडे एक कागद आहे. छापलेला."

"त्यायनं वाचला?"

"हो."

"मालकानंबी?"

"मालकांना फोनवर सांगितलं."

तिने मान हलवली, जणू हिशेब लागला. "तीन रोज लिहलं म्या थे. द्यायची हिंमत झाली नाई म्हनून पुसलं. पुसलेलं कोणी वाचन असं वाटलं नाई."

मी म्हटलं, मी तो कागद परत आणून देते. ती म्हणाली, "काय करू त्याचं? फाडून टाका." पुढच्याच दिवशी मी तो सरांकडून मागून घेतला आणि फाडला. सरांनी कशाला म्हणून विचारलं नाही.

त्या बारा बायांपैकी एकीला पुढे हंगामात पॅकिंगला घेतल्याचं मी ऐकलं. ते त्या पुसलेल्या पत्रामुळे, की काम वाढल्यामुळे, की बाईने शेवटी समोर जाऊन विचारल्यामुळे, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मी गमावला आहे असं मला वाटलं, आणि अजून वाटतं.

तिचे फोन मात्र येतात. आधी मालक करायचे, आता ती करते. 'नमस्कार' वगैरे काही नाही. "मॅडम, हरभऱ्याची डाय लावली का पिवया दाण्यालेबी उडवते. काल सकायपासून. तुरीले नाई करत." एवढं बोलून ती थांबते आणि मी लिहून घेते आहे का याची वाट पाहते. मी शब्दन् शब्द लिहून घेते. आतापर्यंत तिची एकही तक्रार खोटी निघालेली नाही.

वर्षातून दोनदा मला त्या मिलमध्ये जावं लागतं. मी काचेच्या खोलीत शिरले की ती हातातलं टाइप करणं पूर्ण करते, उघडलेल्या सगळ्या खिडक्या एकेक करून बंद करते आणि खुर्ची सोडून उभी राहते. माझं काम चाललेलं असताना ती तिथून हलत नाही. मी कॉम्प्युटरला लावलेली वायर काढून पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली, की मग ती विचारते, "झालं?"

"झालं."

"काही टाकलं त नाई त्यात?"

"नाही काकू."

ती माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहते, आणि मी दाराबाहेर पडल्यावरच खुर्चीवर बसते.